सुट्टीतल्या दुपारी काय वाचू?

प्रश्न: ताई, मेमध्ये आठ दिवस माहेरी जातेय, दुपारी सगळे झोपले की निवांत वाचायचंय. पण जाडजूड कादंबरी आता झेपत नाही, काय नेऊ?

उत्तर: अगं, पहिलं 'वनवास' बॅगेत टाक. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहतो, त्याचं ते डोक्यात सतत काहीतरी चालू असणं, सुमी दिसली की पोटात होणारं कायतरी, सगळं इतकं खरंय की वाचता वाचता आपलंच लहानपण आठवतं आणि मग पुस्तक तसंच छातीवर ठेवून पडून राहावंसं वाटतं. सुट्या कथा आहेत, त्यामुळे मध्येच डोळा लागला तरी काही बिघडत नाही. आवडलंच तर पुढे 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' आहेतच.

दुसरं, व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. 1955 चं, छोटंसं, दोन दुपारीत होईल. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नवा मास्तर येतो, शाळा सुरू करतो आणि शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होत जाते. ऐन उन्हात वाचशील तर तो दुष्काळ अंगावर येतो गं, मला तर घोटभर पाणी पिऊनच पुढचं पान उलटवावं लागलं होतं.

दोनच ने, बास.