टीसीचा हात झटकला, आता कलम 132 ची नोटीस

प्रश्न : माझं वय 63, बँकेतून निवृत्त. मुलीने तिच्या मोबाइलवर यूटीएस ॲपवरून माझं लोकलचं तिकीट काढलं आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवला. उतरल्यावर पुलाखाली टीसीने अडवलं, ‘हे चालत नाही, दंड भरा’ म्हणाला. मी नियम दाखवा म्हटलं आणि शूटिंग सुरू केलं. त्याने मोबाइल धरायला हात पुढे केला, मी तो झटकला, त्याच्या हातातलं पावतीचं मशीन खाली पडलं. आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) खोलीत दंड भरून, पावती घेऊन घरी आलो. चार दिवसांनी लोहमार्ग पोलिसांकडून व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो आला. कलमं 132 आणि 221. शेजारी म्हणतात, 5 वर्षांची शिक्षा आहे. दुसरे म्हणतात, साठीच्या पुढच्या माणसाला पोलीस बोलावूच शकत नाहीत, जाऊ नका. स्वसंरक्षण म्हणता येईल का? टीसीवर उलट तक्रार करू का? मुलीने व्हिडिओ फेसबुकवर टाकलाय आणि जानेवारीत मला मुलाकडे सिंगापूरला जायचंय.

उत्तर : तुमचे इथे दोन वाद आहेत आणि ते एकत्र कालवले तर दोन्ही हराल. पहिला तिकिटाचा. त्यात टीसी बरोबर होता. यूटीएसचं पेपरलेस तिकीट ज्या मोबाइलवर काढलं त्याच मोबाइलवर, ॲप उघडून, ‘शो तिकीट’मध्ये दाखवावं लागतं. एकच स्क्रीनशॉट दहा जणांना पाठवता येतो, म्हणून तो धरत नाहीत. बॅटरी संपली तरी प्रवासी विनातिकीटच धरला जातो. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 54 प्रमाणे मागितल्यावर तिकीट दाखवणं तुमचं काम आणि कलम 138 प्रमाणे भाडं अधिक 250 रुपये (किंवा भाड्याइतकी रक्कम, जी जास्त असेल ती) घेणं त्याचं काम. तुम्ही ते भरलंत. हा वाद तिथे मिटला, तो पोलिसांसमोर पुन्हा उकरू नका. ‘तिकीट होतंच, दंडच बेकायदेशीर’ असं तावातावाने सांगणारा माणूस तपास अधिकाऱ्याला अडवणूक करणाराच वाटतो.

मात्र मुलीच्या ॲपमधल्या ‘बुकिंग हिस्टरी’ची आणि पैसे कापल्याच्या मेसेजची प्रिंट आजच काढा. पैसे भरून तिकीट काढलं होतं, फसवण्याचा हेतू नव्हता, हे त्यातून दिसतं. कलम 137 (फसवणुकीच्या हेतूने विनातिकीट प्रवास) आणि 138 यांत फरक या हेतूचाच आहे. दंडाची पावतीही नीट वाचा. त्यावर फक्त 138 आहे, की आरपीएफने कलम 146 खाली, म्हणजे रेल्वे कर्मचाऱ्याला कामात अडथळा आणल्याबद्दल, वेगळी केस लिहिलीय? असेल तर रेल्वे कोर्टाचं बोलावणं येईल आणि तिथे कुणीतरी हमखास सांगेल, ‘काका, गुन्हा कबूल करा, हजार रुपये भरा, मोकळे व्हा.’ तसं अजिबात करू नका. 146 ची कबुली म्हणजे अडथळा आणल्याची कबुली आणि तीच 132 च्या खटल्यात तुमच्यासमोर ठेवली जाईल.

दुसरा वाद हाताचा. खरी केस ती आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम 132 म्हणजे जुनं भा.दं.वि. 353. लोकसेवक कर्तव्य बजावत असताना त्याच्यावर हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग करणं. शिक्षा 2 वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. शेजारी 5 वर्षं सांगतात ते अगदीच हवेतलं नाही. महाराष्ट्राने जुन्या 353 मध्ये दुरुस्ती करून शिक्षा 5 वर्षं केली होती. पण 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना नवी संहिता लागते आणि तिच्यात आकडा 2 आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो हक्क म्हणून मागता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कलम 221 (जुनं 186) हे कामात अडथळ्याचं, 3 महिने किंवा 2,500 रुपये दंडाचं. त्याची दखल कोर्टाला संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीशिवाय घेता येत नाही (नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा, कलम 215). तशी तक्रार कोर्टात गेलीय का, हे तुमच्या वकिलाने आरोपपत्राच्या वेळी बघायचं.

132 मध्ये नुसते शब्द पुरत नाहीत. हल्ल्याची व्याख्या कलम 130 मध्ये आहे आणि केवळ शब्द म्हणजे हल्ला नव्हे, हे तिच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय. शब्दांमुळे एखाद्या हावभावाला धमकीचा अर्थ येऊ शकतो, तेवढंच. त्यामुळे ‘नियम दाखवा’ म्हणणं, आवाज चढवणं, शूटिंग करणं यातून 132 उभं राहत नाही. तुमची अडचण त्या एका झटक्याची आहे. फौजदारीपात्र बलप्रयोगाला (कलम 129) दुखापत व्हावी लागत नाही. समोरच्याला इजा, भीती किंवा त्रास व्हावा या हेतूने, किंवा तसं होईल हे माहीत असताना, संमतीशिवाय बळ वापरलं की पुरे.

म्हणून मूळ व्हिडिओ शांतपणे, कागद-पेन घेऊन बघा. एकदा आवाजासह, एकदा आवाज बंद करून, एकदा पाव वेगाने. हात आधी कुणाचा हलला? टीसीची बोटं मोबाइलला लागली की मनगटाला? तुमचा तळवा उघडा होता की मूठ होती? मशीन तुमच्या हाताने उडालं की त्याच्या दुसऱ्या हातातून निसटलं? प्रत्येकासमोर सेकंद लिहा. मोबाइल पकडला जाताना हात मागे खेचणं आणि समोरच्याचा हात फटकारणं यात केसचा निम्मा निकाल आहे. ‘झटकला’ हा शब्द तुम्ही प्रश्नात सहज वापरलाय. पोलिसांपुढे तो वापरण्याआधी व्हिडिओत नेमकं काय झालंय ते पाहा. खोटं बोला असं मी म्हणत नाही. आपल्या तोंडचं विशेषण आपल्याच अंगावर येऊ देऊ नका, एवढंच.

आणि ‘स्वसंरक्षण’ हा शब्द तर घाईने लिहूच नका. दोन कारणं. एक, स्वसंरक्षण म्हणणारा माणूस बळ वापरल्याचं आधी मान्य करून बसतो. दोन, कलम 37. लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने, सद्भावनेने काही करत असेल आणि त्यातून मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती नसेल, तर त्याची कृती कायद्यात काटेकोर बसत नसली तरी तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. प्रवाशाचा मोबाइल ओढणं टीसीच्या पदाच्या कामात येतं का, हा युक्तिवाद जरूर करता येईल. पण तो वकिलाने कोर्टात करायचा, तुम्ही ठाण्यातल्या बाकावर बसून नव्हे.

आता नोटीस. ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची असणार. सर्वोच्च न्यायालयाने 21 जानेवारी 2025 ला सांगितलंय की अशी नोटीस व्हॉट्सॲपने बजावणं ग्राह्य नाही, कायद्यात दिलेल्या रीतीनेच बजावली पाहिजे. म्हणून गैरहजर राहायचं का? नाही. हा मुद्दा उद्या तुम्हाला ‘नोटीस टाळली’ म्हणून अटक करायला निघाले तर कामाचा आहे, आज अंगावर घ्यायला नव्हे. 35(5) प्रमाणे नोटिशीचं पालन करत राहिलात तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. पालन केलं नाही तर 35(6) प्रमाणे अटक होऊ शकते. 7 वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात यांत्रिकपणे अटक नको, हे 2014 च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे.

साठीच्या पुढच्याला ठाण्यात बोलावता येत नाही हा नियम (कलम 179) साक्षीदारासाठी आहे. तुम्ही इथे संशयित आहात. तुमच्या कामाचं कलम वेगळं आहे, 35(7). गुन्ह्याची शिक्षा 3 वर्षांपेक्षा कमी आणि आरोपी साठीच्या पुढचा असेल तर उपअधीक्षक (आयुक्तालयात सहायक आयुक्त) दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक नाही. हे कवच 132 आणि 221 असेपर्यंतच. टीसीने वैद्यकीय तपासणी करून ‘मनगट दुखावलं’ असा दाखला आणला आणि न्याय संहितेचं कलम 121(1) (लोकसेवकाला दुखापत) लागलं, तर शिक्षा 5 वर्षांपर्यंत जाते आणि 35(7) गळून पडतं. म्हणून सर्वांत आधी एफआयआरची प्रत मिळवा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ती बहुतेक वेळा मिळते, नाही मिळाली तर ठाण्यात लेखी मागा. नोटिशीतली आणि एफआयआरमधली कलमं ताडून बघा.

त्याच वेळी व्हिडिओतला एकूण एक शब्द ऐका. जात, प्रांत, भाषा यावरून तुमच्या तोंडून काही गेलंय का? हल्ली अशा वादात ‘मराठीत बोल’पासून सुरू होऊन गाडी कुठे जाईल नेम नसतो. जातिवाचक शब्द असेल तर ॲट्रॉसिटी कायदा लागू शकतो आणि त्यात अटकपूर्व जामिनाला कलम 18 आडवं येतं. तसं काही असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

ठाण्यात वकिलासोबत, दिलेल्या वेळी जा. वयाचा पुरावा, दंडाची पावती (मूळ जवळ, झेरॉक्स द्यायला), ॲपची प्रिंट, बीपी-शुगरची औषधं असतील तर त्यांची चिठ्ठी. आणि दोन प्रतींत एक अर्ज, साधारण असा :

‘आपली नोटीस मला अमुक तारखेला व्हॉट्सॲपवर मिळाली. तपासात सहकार्य करण्यासाठी मी आज हजर आहे. माझे वय 63 आहे. घटनेच्या दिवशीचे, अमुक क्रमांकाच्या पुलाखालील, 11 ते 12 या वेळेतील सीसीटीव्ही चित्रण, तसेच संबंधित तपासनिसाकडे बॉडी कॅमेरा असल्यास त्याचे चित्रण जतन करावे, ही विनंती.’

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. सीसीटीव्हीचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मागणी लेखी असेल तरच नंतर ‘मागितलं होतं, ठेवलं नाही’ म्हणता येतं. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने 2023 मध्ये काही तपासनिसांना बॉडी कॅमेरे दिले आहेत, म्हणून तो उल्लेख. सीसीटीव्हीची हीच मागणी आरपीएफच्या निरीक्षकांनाही पाठवा. जबाबात नाव, वय, पत्ता, दंड भरल्याचं सांगा. घटनेबद्दल वकिलाशी आधी ठरवलंय तेवढंच. पोलिसांपुढच्या जबाबावर तुमची सही लागत नाही (कलम 181). ‘एक माफीनामा लिहून द्या, साहेब मिटवतील’ असं कुणी म्हणालं तर हात आखडता घ्या. 132 तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही. टीसीने मनापासून माफ केलं तरी गुन्हा रद्द व्हायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली उच्च न्यायालयातच जावं लागतं. आणि माफीनाम्यातलं ‘माझ्याकडून धक्का लागला’ हे वाक्य फाइलमध्ये राहतं.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज (कलम 482) तयार करून ठेवा, आज दाखल करायची निकड मला दिसत नाही. 121 किंवा आणखी कलम वाढलं, तर मात्र सत्र न्यायालयात लगेच.

व्हिडिओचं काय? मुलीला फेसबुकवरची पोस्ट काढायला सांगा. मथळ्यात ‘लाचखोर’, ‘गुंड’ असं काही असेल तर बदनामीचं कलम 356 नव्याने ओढवून घ्याल. बेंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रारवजा टीका लिहिणाऱ्यावरचा 353 चा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने 20 जानेवारी 2015 ला रद्द केला (माणिक तनेजा प्रकरण), कारण त्यात हल्लाही नव्हता, बळही नव्हतं. तुमच्याकडे हात आहे, त्यामुळे त्या निकालावर विसंबू नका. पोस्ट काढा, पण मूळ फाइल डिलीट करू नका. ती काढणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, तो वेगळा गुन्हा. ट्रिम नाही, नाव बदलणं नाही, मोबाइल विकणं नाही. पोलिसांनी मोबाइल मागितला तर पंचनामा आणि हॅश व्हॅल्यूची (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या डिजिटल ठशाची) नोंद मागा. कोर्टात कॉपी देताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल, त्यातही हॅश लागतो.

टीसीविरुद्ध तक्रार? मोबाइल ओढला असेल तर करा, पण याच आठवड्यात. आरोपपत्रानंतर आलेली तक्रार उसनी वाटते. रेल मदद (139) वर आणि विभागाच्या वरिष्ठ वाणिज्य व्यवस्थापकांकडे, पाच-सहा ओळींत : तारीख, वेळ, पूल, पावती क्रमांक, त्याने मोबाइलला हात घातला. दंड चुकीचा होता हे त्यात नको, ‘स्वसंरक्षण’ही नको. पाठवण्याआधी वकिलाला दाखवा, कारण तीही उद्या पुरावाच.

सिंगापूर : नुसत्या एफआयआरमुळे पासपोर्ट अडत नाही. फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित झाला की पासपोर्ट कायद्याचं कलम 6(2)(एफ) येतं आणि नूतनीकरणासाठी कोर्टाची परवानगी लागते. तुमच्या पासपोर्टची मुदत बघा, संपत आली असेल तर अर्ज आत्ताच करा आणि त्यात एफआयआरची माहिती लपवू नका. विमानाचं तिकीट काढलं की जाण्या-येण्याच्या तारखा तपास अधिकाऱ्याला लेखी कळवून पोच घ्या. परतीचं तिकीट सोबत जोडा.