सोलापुरात टॉवेल युनिटसाठी अकाउंटंट हवाय, जाहिरात कुठल्या जॉब साइटवर टाकू?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या युनिटसाठी टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येणारा एकच माणूस हवाय ना, मग नोकरी डॉट कॉमचं मोठं पॅकेज लगेच घेऊ नका. तिथे अनुभवी लोक मिळतात, पण बरेचसे पुण्याकडे डोळे लावून बसलेले. आधी 'अपना' किंवा 'वर्क इंडिया' ही नोकरीची अ‍ॅप्स बघा. उमेदवाराशी थेट फोनवर बोलता येतं. पैसे भरण्याआधी 'अकाउंटंट, सोलापूर' असं स्वतःच शोधून बघा. आठवड्याभरातल्या चार-पाच जाहिरातीही दिसल्या नाहीत, तर उमेदवार तरी तिथे कशाला येतील?

राज्य सरकारचं महास्वयम आणि केंद्राचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) ही सरकारी पोर्टलं फुकट आहेत. नोंदणीला थोडा वेळ जातो, तेवढाच.

आणि पगार लिहाच. मी एकदा 'योग्यतेनुसार' लिहून बसलो. ढिगाने अर्ज आले, निम्मे नागपूर-नाशिकचे, आणि पगार ऐकला की फोन कट! पुढच्या वेळी आकडा, वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि 'जीएसटी रिटर्न भरता यायला हवं' एवढं लिहिलं. नऊच अर्ज आले, त्यातलाच एक आज आमच्याकडे आहे.

यंत्रमागावर कामगार हवा असेल तर मात्र साइट विसरा. अशोक चौकात चहा घेत दोघा-तिघांना सांगा.