वर घर, खाली रेस्टॉरंट

प्रश्न : धाकटा भाऊ हॉटेल मॅनेजमेंट शिकतोय, त्याला परदेशात जाऊन स्वतःचं रेस्टॉरंट टाकायचंय. आईबाबा म्हणतात परक्या मुलखात कोण विचारणार. असं खरंच कुणी केलंय का? आयुष्य कसं असतं मग?
- एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : केलंय की ताई! भावाला आंद्रे सोल्टनर हे नाव जरूर सांगा. फ्रान्सच्या अल्सास भागातले, जन्म 1932चा, वडील लाकडाचं फर्निचर बनवायचे. पॅरिसमध्ये एका रेस्टॉरंटात शेफ होते, तिथे जेवायला आलेल्या आंद्रे सुरमँ नावाच्या माणसाने त्यांना न्यूयॉर्कला बोलावलं आणि 1961 मध्ये तिथे 'ल्युटेस' सुरू झालं. म्हणजे बघा, सोल्टनर गेले ते पगारी शेफ म्हणूनच, मग भागीदार झाले, आणि सत्तरच्या दशकात सगळं रेस्टॉरंटच त्यांच्याकडे आलं.

आता आयुष्य म्हणाल तर नवरा-बायको रेस्टॉरंटच्याच वर राहायचे, जिना उतरला की काम सुरू. बायको सिमोन बाहेरचं बघायची, आलेल्यांचं स्वागत, गल्ला सगळं, आणि हे किचनमध्ये. मधेच डोक्यावरची उंच पांढरी टोपी तशीच ठेवून टेबलापाशी यायचे, आज काय खाणार विचारायचे, जुनी गिऱ्हाईकं तर मेनू न बघता सांगायची, तुम्हीच ठरवा! मला स्वतःला त्यांचा सगळ्यात जास्त आदर वाटतो तो कांद्याच्या टार्टमुळे, कारण एवढ्या महागड्या ठिकाणी त्यांनी आपल्या अल्सासचा हा साधा घरगुती पदार्थ अभिमानाने वाढला, कांदा मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परतायचा, त्यात अंडी आणि क्रीम, मग मैद्याच्या पारीत घालून भाजायचं, बस्स. भावाला म्हणावं तिकडे गेलास तरी आपलं भरीत, आपली मिसळ वाढायला लाजू नकोस.

ल्युटेस त्यांनी 1994 मध्ये विकलं, पुढे न्यूयॉर्कमध्येच नव्या मुलांना स्वयंपाक शिकवला, जानेवारी 2025 मध्ये गेले.

आईबाबांची काळजी अगदी खरी आहे, म्हणून एवढंच करा, भावाला आधी तिकडच्या कुणाच्या तरी किचनमध्ये दोन-चार वर्षं नोकरी करू दे, व्हिसा, भाडं, माल कुठून येतो हे सगळं त्यातच कळतं, आणि तोपर्यंत घरची जमीन किंवा दागिने गहाण टाकून पैसे उभे करू नका.