वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचं विमान

प्रश्न : काका, कॉलेजात असताना मी रेडिओ कंट्रोलची विमानं उडवायचो. नोकरी लागली आणि सगळं सुटलं. परवा माळा आवरताना बाल्साच्या हलक्या लाकडाचं जुनं विमान हाती लागलं. इंजिन जाम झालंय, पंखावरची प्लॅस्टिकची फिल्म सैल पडलीय, रिमोट ७२ मेगाहर्ट्‌झचा, चॅनल क्रिस्टलने ठरणारा. हेच दुरुस्त करू की नवीन घेऊ? हात पुन्हा बसेल का?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : जुनं दुरुस्त कराच, पण उडवायला आधी फोमचं नवं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान घ्या, पंख धडाच्या वर असलेलं, बॅटरीवर चालणारं. पहिली पडझड त्याच्या वाट्याला जाऊ द्या. फोम चिकटवून संध्याकाळपर्यंत तयार होतो, बाल्साला आठवडा जातो.

जाम इंजिनाचा पंखा पक्कडीने फिरवू नका. इंधनातलं एरंडेल आत सुकून लाखेसारखं झालंय, एवढंच. ग्लो प्लग (इंधन पेटवणारा छोटा प्लग) काढा, हेअर ड्रायरने इंजिन चांगलं तापवा, पातळ तेलाचे थेंब सोडा आणि हाताने हळूहळू फिरवा. सुटतं. बेअरिंग खरखरलं तर बदला. डब्यात उरलेलं जुनं इंधन मात्र वापरू नका; त्यातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

आता इंजिनामागची लाकडी भिंत अंगठ्याने दाबून बघा. लाकूड काळपट, मऊ लागलं तर त्यात तेल मुरलंय. त्यावर कुठलाच गोंद धरत नाही. तेवढा भाग कापून नवा बसवा. पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या एकेक करून ओढून पाहा. फिल्म इस्त्रीने ताणली जाते. फाटली असेल तिथेच नवी लावा.

वायरिंगवर माझा अजिबात भरवसा नाही. जन्मभर मोटारी वाइंड केल्या, म्हणून सांगतो. विमानातल्या रिसीव्हरच्या निकेल-कॅडमियम बॅटरीची काळी वायर सोलून बघा. तांबं आतूनही काळं पडलं असेल तर सोल्डरचा डाग धरणार नाही. मग वायर, स्विच सगळं टाकून द्या. रिमोटही कपाटात आठवण म्हणून ठेवा. त्या काळी दुसऱ्या कोणी त्याच चॅनलवर रिमोट चालू केला की आपलं विमान खाली यायचं. हल्लीचा २.४ गिगाहर्ट्‌झचा संच आपल्याच रिसीव्हरशी जोडलेला राहतो, ती भानगड नाही.

जोडून झालं की तोल बघा. साध्या ट्रेनरचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे, पंखाच्या पुढून-मागच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर हवा. शेपटीकडे जड झालेलं विमान पहिल्याच उड्डाणात हाताबाहेर जातं. आणि रिमोटची काठी उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर उठतं ना, हे दर वेळी डोळ्यांनी बघा. दुरुस्तीनंतर सर्व्होची (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरची) दिशा उलटी राहते आणि ते जमिनीवर असतानाच कळलेलं बरं.

हाताचं म्हणाल तर बोटं विसरत नाहीत, घोटाळा डोळ्यांचा होतो. विमान समोरून आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं. तेव्हा जो पंख खाली झुकलाय, काठी त्याच बाजूला न्यायची. तो सरळ होतो. घरी सिम्युलेटरवर हे घोटून घ्या.

उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या सुमारास उडवा. ऊन चढलं की आपल्याकडे वारा सुटतो, वावटळी उठतात. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. वापर नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा आणि फुगलेली पुन्हा चार्ज करू नका. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात तुमची जागा हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या भागात आहे का, तेही बघून घ्या. रेल्वेच्या तारांपासून लांबच राहा.

पऱ्हाट्या निघालेलं वावर चांगलं, पण काळ्या मातीच्या भेगांत चाकं अडकतात. चाकं काढून पोटावरच उतरवा. शेजारी केळीची बाग असेल तर उतरायची दिशा तिच्याकडे नको. विमान काढताना घडाला धक्का लागला तर मालकाची बोलणी तुम्हालाच खावी लागतील.