साडेनऊ हजारांचा पंप आणि ९६ हजारांचा हप्ता

तासगावच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४१, शिक्षणसंस्थेत कारकून, हातात महिन्याला ४८ हजार. घरात पत्नी, दोन मुलं आणि आई. दारात २०१२ ची डिझेल स्विफ्ट, महिन्याला पाचशेक किलोमीटर चालते. त्यातल्या बऱ्याच फेऱ्या आईला मिरजेला डॉक्टरकडे नेण्याच्या. वॉटर पंप गळतोय. मिस्त्रींनी पंप, थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह उघडझाप करून इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप), कूलंट आणि मजुरी मिळून ९,५०० रुपये सांगितले आहेत. शोरूमवाले जुनी गाडी १ लाख ४० हजारांना घ्यायला तयार आहेत, वर नव्या गाडीसाठी ८ लाखांचं कर्ज. प्रश्न असा: "इतक्या जुन्या इंजिनावर पैसे घालावेत का? बाकी देणं काही नाही. फक्त पॉलिसीचा वर्षाचा ९६ हजारांचा हप्ता आहे, मागचा क्रेडिट कार्डावर भरला, त्याचे ईएमआय चालू आहेत. डाऊन पेमेंटसाठी त्याच पॉलिसीवर कर्ज मिळेल का?"

पंप बदला. या आठवड्यातच बदला आणि थर्मोस्टॅटही त्याच वेळी बदला. पंप काढायचा म्हणजे कूलंट सांडायचंच आहे. थर्मोस्टॅट नंतर बिघडला तर तोच खटाटोप पुन्हा आणि कूलंटचे पैसे दुसऱ्यांदा. तो बंद अवस्थेत अडकला की इंजिन तापतं, उघडा अडकला की इंजिन थंडच राहतं आणि डिझेल जास्त खातं. या इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे झडपा आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारी साखळी, आहे आणि पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे टायमिंग उघडण्याचा मोठा खर्च यात नाही. मात्र "गाडी दोनदा तापली, बोअरचं पाणी ओतून घरी आणली" असं तुम्ही लिहिलंय, त्याची मला काळजी वाटते. पैसे देण्याआधी मिस्त्रींना हेड गॅस्केट, म्हणजे ऑइल आणि पाणी एकमेकांत मिसळू न देणारं इंजिनातलं सील, तपासायला सांगा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असला, तर हिशेब नव्याने करावा लागेल. तसं काही नसेल तर ही गाडी तुमच्या पाचशे किलोमीटरना पुरेशी आहे. २०२७ मध्ये १५ वर्षं भरतील, तेव्हा फेरनोंदणीचे ५ हजार, पर्यावरण कर आणि फिटनेसची तपासणी धरून ठेवा.

नव्या गाडीचं गणित तर फार लवकर संपतं. ८ लाख, सात वर्षं, साडेनऊ टक्के: हप्ता १३,१०० आणि एकूण व्याज जवळपास ३ लाख.

आता त्या "फक्त"बद्दल.

कार्डावर ९६ हजार, १६ टक्के, २४ महिने. ईएमआय ४,७००. व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून २० हजारांच्या घरात. म्हणजे एक हप्ता भरण्यासाठी तुम्ही दोन पंपांचे पैसे व्याजात घातले. आणि पुढचा हप्ता दोन महिन्यांवर आलाय.

तुम्ही पाठवलेलं पॉलिसीचं पान मी दोनदा वाचलं. त्यावर दोन रकाने आहेत, एक ४ टक्क्यांचा आणि एक ८ टक्क्यांचा. ८ च्या रकान्यातल्या २४ लाखांभोवती निळ्या पेनाने गोल केलाय, शेजारी "एफडीसारखंच" असं लिहिलंय. हे एफडीसारखं मुळीच नाही. ते ८ टक्के कंपनीच्या गुंतवणुकीचं गृहीतक आहे, त्याची हमी कोणी दिलेली नाही. १२ वर्षं हप्ते, २० व्या वर्षी २४ लाख, म्हणजे तुमच्या पदरात जेमतेम पाच टक्के. शेजारच्या रकान्यात साडेपंधरा लाख आहेत, त्याचे होतात दोन टक्के. त्या रकान्याभोवती कुणी गोल केला नाही. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी ३२ लाखांच्या आसपास गेले असते. एफडी मोडायला आलेल्या माणसाला बँकेच्या काउंटरवर हे विकलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

त्याहून वाईट म्हणजे विमा ९ लाख ६० हजारांचा. उद्या तुम्हाला काही झालं, तर पाच माणसांतल्या उरलेल्या चौघांचा दीड-दोन वर्षांचा खर्च. एवढ्यासाठी दोन महिन्यांचा पगार जातोय.

तर आधी ७५ लाखांची साधी टर्म पॉलिसी घ्या, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, ६० वयापर्यंतची. वर्षाला १५ ते २० हजार पडतील. वैयक्तिक विम्यावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही. ती हातात येईपर्यंत जुनीला हात लावू नका. मधल्या काळात विमा कंपनीकडे फसवून विकल्याची लेखी तक्रार करा, सोबत त्या निळ्या गोलाची प्रत जोडा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, फी नाही. पॉलिसी घेऊन चार वर्षं झाल्यावर पूर्ण पैसे परत मिळण्याची आशा कमी आहे, पण लेखी पुरावा सगळ्यांकडे नसतो, तुमच्याकडे आहे.

तक्रारीतून काही निघालं नाही तर पॉलिसी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधीच बंद करून मिळतील ते पैसे घ्या. चार हप्त्यांचे ३ लाख ८४ हजार भरलेत. तुमच्या पॉलिसीच्या वेळच्या नियमांनी निम्मे, १ लाख ९२ हजार, किमान मिळायला हवेत. निम्मे बुडाले हे वाचून पोटात गोळा येईल. पण पुढे चालू ठेवायचं तर अजून ७ लाख ६८ हजार घालायचेत. ८ चा रकाना अगदी पुरा खरा ठरला, तरी बुडालेले निम्मे सोडून दिल्यावर इथून पुढे सुटतात सात टक्के. तेवढं पीपीएफ देतंच, कर्ज काढून हप्ते न भरता. पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर विमा रक्कम तृतीयांश, ३ लाख २० हजार, अधिक आतापर्यंतचा बोनस, तोही १६ वर्षांनी. १ लाख ९२ हजार तेवढाच काळ पीपीएफमध्ये राहिले तर पावणेसहा लाखांवर जातात. पण सगळे तिथे टाकू नका. कार्डाचे उरलेले ५२ हजार एकरकमी फेडा, बाकीचे १ लाख ४० हजार बचत खात्यात आणि लहान मुदतीच्या ठेवीत राहू द्या. ते हाताशी असते तर पंपासाठी तुम्हाला पत्र लिहावं लागलं नसतं.

पॉलिसीवर कर्ज अजिबात नको.

आणि बँकेतून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी दिलेली असेल, तर ती आजच लेखी रद्द करा आणि पोच घ्या. हप्त्याच्या तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात टर्मची वैद्यकीय तपासणी उरकून घ्या.