मुलांना घरी शिकवण्यासाठी जुनी ख्रिस्ती मराठी पुस्तकं कुठून जमवावीत आणि कोणती घ्यावीत?

रद्दीवाल्याकडून. हे उत्तर मी रागानं देतेय, कारण आमच्या घरची पुस्तकं मला तिथूनच परत आणावी लागली.

मी मूळची भुसावळची. वडील रेल्वेत होते. माळ्यावर आजोबांची लोखंडी पेटी होती, पुस्तकांनी गच्च भरलेली. वडील गेल्यावर दोन महिन्यांत मोठ्या भावानं घर रंगवायला काढलं आणि पेटी किलोच्या भावानं रद्दीत रिकामी केली. वहिनी फोनवर सहज बोलून गेली म्हणून मला कळलं. तेव्हा मी धुळ्याला, लेक चार वर्षांची. तिला सासूबाईंकडे ठेवलं आणि पहाटेची एसटी धरली. मे महिना, भुसावळात अकरालाच झळा. वखारीत तीन तास जमिनीवर बसून गठ्ठे उपसले. रेल्वेची वेळापत्रकं, वर्तमानपत्रं, मधेच ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या जुन्या ख्रिस्ती मासिकाचा एखादा सुटा अंक. अकरा पुस्तकं सापडली. रद्दीवाला भला माणूस, घेतलेल्याच भावात त्यानं परत दिली.

मोठ्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांनी घरातल्या प्रत्येकाचा जन्म आणि बाप्तिस्मा टाकानं लिहून ठेवला होता. ते पान फाटून गेलं होतं. आठवलं तेवढं मी नव्या कागदावर लिहून आत ठेवलंय. वडिलांच्या तीन भावंडांच्या तारखा आता कुणालाच माहीत नाहीत.

दादाचं म्हणणं होतं, “टिंबांनी भरलेलं मराठी वाचून पोरं काय करणार? इंग्रजीतली रंगीत चित्रांची पुस्तकं आण.” टिंबं आहेत हे खरं. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं छापील मराठी ‘नाहीं’, ‘करणें’, ‘घरांत’ असंच असतं. लेक आठ दिवस अडखळली. मग तिनंच विचारलं, घरांतवर टिंब कशाला? पूर्वी तो स्वर नाकातून निघायचा, एवढ्यावरून आमचं व्याकरण सुरू झालं. आता ती दहा वर्षांची आहे आणि पंडिता रमाबाईंचं बायबलचं भाषांतर एकटी वाचते. रमाबाई त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळेल असं मराठी त्यांनी मुद्दाम लिहिलं. केडगावच्या त्यांच्याच मुक्ती मिशनात ते बायकामुलींनीच छपाईचे खिळे जुळवून छापलं. हे सांगितल्यावर लेकीनं पान बोटानं चाचपून बघितलं. रंगीत चित्रांनी हे झालं असतं का?

तेव्हा मिळालं तर रमाबाईंचं घ्या. ना. वा. टिळकांची गीतं असलेलं जुनं उपासनेचं पुस्तक घ्या, मुलं गात गात वाचायला शिकतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ नवीच घ्या, दुकानात मिळतात. लग्नानंतर अक्षरं शिकलेल्या बाईनं ती लिहिलीत, हे मुलांना आधी सांगा. फादर स्टीफन्सचं ओव्यांतलं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 चं, पण त्या छपाईची एकही प्रत आज कुठे नाही. कुणी “मूळ प्रत” दाखवली तर घेऊ नका. 1907 ची मंगळूरची आवृत्ती रोमन लिपीत आहे, मुलांच्या कामाची नाही. देवनागरी 1956 ची आहे, ती शोधा.

आपल्याकडच्या उन्हानं सरस तडकतो आणि बांधणी सुटते, म्हणून पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, दोन-चार वर्षांत पिवळा डाग पडतो. कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी ठेवा.

हो, हे आधी सांगायला हवं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या काही छोट्या पुस्तिकांत शेजाऱ्यांच्या देवांबद्दल फार टोचून लिहिलंय. त्या मी मुलांच्या हाती देत नाही, ज्यांच्याकडे आपण दिवाळीचा फराळ खातो त्यांच्याबद्दल ते आहे. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ (1857) ही कादंबरी विधवांच्या हालांवर आहे, तेही थोड्या मोठ्या मुलांसाठीच. आणि गणित, विज्ञान नव्या पुस्तकांतूनच शिकवा.

पण विकत घ्यायला निघण्याआधी आपल्याच माहेरी, आजोळी विचारा. भाऊ “काही नाही” म्हणाला तरी शिडी लावून माळ्यावर स्वतः चढा.