आंतरपट्ट की पट्टांतर्गत?

नागपूरच्या एका भूगोल शिक्षिकेने विचारलंय: अंटार्क्टिकावरच्या मजकुरात एकाच भूपट्टाच्या (पृथ्वीच्या कठीण बाह्य थराच्या एका प्रचंड तुकड्याच्या) आत खडक तुटून सरकतो, त्याला मी ‘आंतरपट्ट प्रस्तरभंग’ लिहिलं, सहकारी म्हणतात ‘पट्टांतर्गत’ हवं. बरोबर काय?

मॅडम, सहकाऱ्यांचं बरोबर आहे, आणि पुरावा तुमच्या स्टाफरूममध्येच मिळेल. जिल्हा परिषदेचे गुरुजी काटोलहून उमरेडला गेले तर ती जिल्हांतर्गत बदली, चंद्रपूरला गेले तर आंतरजिल्हा. संस्कृतात ‘आंतर’ म्हणजे आतलाच. पण आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय या शब्दांनी मराठीत त्याला ‘दोहोंमधला’ हा अर्थ पक्का दिला. ‘आंतरपट्ट’ वाचलं की डोळ्यांसमोर दोन भूपट्टांची सीमा येते.

अंटार्क्टिकात तर नेमकं उलट आहे. तिथल्या भूपट्टाला जवळजवळ चहूबाजूंनी समुद्रतळावरच्या पर्वतरांगांचा वेढा. खंड मधोमध, कडांपासून दूर. त्यामुळे खंडात खडक सरकतो तो पट्टाच्या पोटातच. २५ मार्च १९९८ला बॅलेनी बेटांजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला, तो समुद्राखाली, पण भूपट्टाच्या आतच. आपला १९९३चा किल्लारीचा भूकंप याच जातीचा. १९९७च्या मे महिन्यात पहाटे जबलपूर हादरलं, तोही.

‘प्रस्तरभंग’ पाठ्यपुस्तकात रुळलाय, म्हणून तोच ठेवा. माझं मन मात्र ‘भ्रंश’कडे ओढतं. पावसाळ्यानंतर काळ्या मातीवरच्या घराची भिंत तडकते ना, त्या तड्यावरून बोट फिरवून पाहा. दोन्ही कडा सपाट लागल्या तर नुसती चीर. एक कड खाली गेलेली लागली तर भिंत सरकलीय. भूविज्ञानाला हे सरकणंच महत्त्वाचं, नुसतं तुटणं नव्हे. ‘भंग’ तुटणं सांगतो. ‘भ्रंश’ जागेवरून ढळणं सांगतो. गुदभ्रंश, स्मृतिभ्रंश आठवा.

तुमच्या वाक्यातल्या ‘खचदरी’ला मात्र हात लावू नका, फार नेमका शब्द आहे. विहीर खचते, बांध खचतो, तसंच रॉस समुद्राच्या बाजूला कवच ताणलं जाऊन पातळ झालं नि खचलं. त्याच्या काठाने सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीचे ट्रान्सअंटार्क्टिक पर्वत उंच उभे आहेत.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘पश्चिम अंटार्क्टिकातील खचदरीत पट्टांतर्गत प्रस्तरभंग आढळतात; त्यांतले बरेचसे बर्फाखाली झाकलेले आहेत.’